भरवशाचं मोठ्या कॅलिबरचं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल कसं निवडायचं

प्रश्न असा आहे: मोठ्या कॅलिबरचं, म्हणजे जाड गोळीचं, सेमी-ऑटोमॅटिक (दर गोळीनंतर पुढचं काडतूस आपोआप भरणारं) पिस्तूल घ्यायचं ठरलं आहे. दर वेळी चालेल, मध्येच अडकणार नाही असं कोणतं घ्यावं? आणि हातात आलेलं पिस्तूल खरंच भरवशाचं आहे हे कशावरून ओळखायचं?

आधी उत्तर सांगतो, कारणं नंतर. .४५ एसीपी या काडतुसाचं, पूर्ण आकाराचं, साडेचार ते पाच इंची बॅरलचं, पोलीस किंवा लष्करी वापरासाठी बनवलेलं पिस्तूल घ्या. ते कारखान्यातून जसं आलं तसंच ठेवा. ग्लॉक २१, हेकलर अँड कॉखचं एचके४५ किंवा यूएसपी४५, स्मिथ अँड वेसनचं एम अँड पी४५ आणि सिग पी२२० ही नावं डोळे झाकून यादीत घालता येतील. १९११ जातीचं, म्हणजे अमेरिकी लष्कराच्या जुन्या कोल्ट पिस्तुलाच्या रचनेचं, पिस्तूलही भरवशाचं होऊ शकतं. मात्र ते मालकाकडून थोडं ज्ञान आणि नियमित देखभाल मागतं.

पण हे उत्तर अर्धंच आहे. पिस्तूल एकटं भरवशाचं नसतं. पिस्तूल, मॅगझिन (मुठीत बसणारी काडतुसांची पेटी), काडतूस आणि पकड या चार गोष्टी एकमेकींशी जुळल्या तरच ते चालतं. दुकानात फक्त पहिली विकत मिळते. बाकीच्या तिन्हींची परीक्षा तुम्हालाच घ्यावी लागते, आणि बहुतेक बिघाड त्या तिन्हींतूनच निघतात.

काडतूस कोणतं

पुढे मी ‘काडतूस’ म्हणतो ते सबंध राउंडला, ‘गोळी’ म्हणजे पुढे सुटणारा भाग आणि ‘पुंगळी’ म्हणजे मागे उरणारं पितळी कवच. ‘लोड’ म्हणजे काडतुसात भरलेली गोळी आणि दारू यांचं प्रमाण, ‘चेंबर’ म्हणजे बॅरलच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा, ‘स्लाइड’ म्हणजे पिस्तुलाचा वरचा, मागे-पुढे सरकणारा भाग आणि ‘लॉकिंग लग’ म्हणजे बॅरल आणि स्लाइड एकमेकांत अडकवणारे उंचवटे.

.४५ एसीपी हे जॉन ब्राउनिंगचं विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं काडतूस. मूळ लोड २३० ग्रेनच्या, म्हणजे जवळपास १५ ग्रॅमच्या गोळीचा, वेग सेकंदाला साधारण २५५ मीटर. महत्त्वाचा आकडा दाबाचा आहे. .४५ एसीपीची कमाल मर्यादा २१,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आहे, .४० एस अँड डब्ल्यूची ३५,००० आणि १० मिमी ऑटोची ३७,५००. कमी दाबामुळे .४५मध्ये बॅरल, लॉकिंग लग आणि पुंगळी यांना मार कमी बसतो. दुसरी बाजूही आहे. दाब कमी म्हणजे यंत्रणा फिरवायला मिळणारी ताकद प्रामुख्याने जड गोळीच्या धक्क्यातूनच येते. म्हणून हलक्या, मऊ टार्गेट लोडवर .४५ लवकर कुरकुरतं. शिवाय त्याची पुंगळी जवळजवळ सरळ असते. ९ मिमीची पुंगळी तोंडाकडे थोडी निमुळती होत जाते, त्यामुळे ती चेंबरमध्ये सहज शिरते. .४५ला ती सवलत नाही. चेंबरमध्ये काजळी साठली की शेवटचे दोन-तीन मिलिमीटर स्लाइड अडखळते.

१० मिमी ऑटो १९८३मध्ये बाजारात आलं. पूर्ण ताकदीच्या लोडमध्ये १८० ग्रेनची गोळी सेकंदाला ३८० मीटरच्या आसपास जाते. पण याच नावाने विकल्या जाणाऱ्या कित्येक पेट्यांमध्ये सौम्य लोड असतो. त्याचा वेग ३१५ मीटरच्या जवळपास, म्हणजे .४०पेक्षा थोडाच अधिक. कडक स्प्रिंग लावलेलं १० मिमी सौम्य काडतुसावर अर्धवट फिरतं आणि सौम्य काडतुसाला जुळवलेलं पिस्तूल पूर्ण लोडवर स्वतःला मारून घेतं. जंगलात मोठ्या जनावरापासून बचावासाठी पिस्तूल हवं असेल तर १० मिमीला अर्थ आहे, आणि त्यात ग्लॉक २० हा साधा, खात्रीचा पर्याय आहे. तसं कारण नसेल तर .४५वर थांबा.

.४० एस अँड डब्ल्यू १९९०मध्ये १० मिमीचीच पुंगळी आखूड करून तयार झालं. वाईट नाही. पण दाब ९ मिमीएवढा, धक्का तुटक, आणि अनेक .४० पिस्तुलं मुळात ९ मिमीच्या सांगाड्यावर बेतलेली. फ्रेम आणि स्प्रिंगची झीज त्यात लवकर दिसते.

.५० एईचं डेझर्ट ईगल पाहून बऱ्याच जणांना मोह होतो. ते गॅसवर चालणारं, फिरत्या बोल्टचं, सुमारे दोन किलो वजनाचं यंत्र आहे. उघड्या शिशाची गोळी त्यात वापरायची नाही, गॅसचं छिद्र बुजतं. मनगट जरा ढिलं पडलं की ते अडकतं. लक्ष्यावर मारायला, हौसेला ठीक. ‘भरवशाचं’ हा निकष असेल तर मी ते यादीतच धरत नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मोठं कॅलिबर म्हणजे जास्त भरवसा, असं मुळीच नाही. अमेरिकेच्या एफबीआयने १९८६च्या मायामीतल्या चकमकीनंतर १० मिमी स्वीकारलं, मग .४०वर आली आणि २०१०च्या दशकात पुन्हा ९ मिमीकडे वळली. तुम्हाला मोठ्या कॅलिबरचं नेमकं कारण सांगता येत नसेल तर त्याच कंपनीचं ९ मिमी अधिक सोपं पडेल. तसंच कोणतं कॅलिबर, किती राउंडचं मॅगझिन आणि कोणत्या परवान्यावर, हे प्रत्येक देशाचा कायदा ठरवतो. काही ठिकाणी .४५ खासगी परवान्यावर मिळतच नाही. पसारा घालण्याआधी तेवढं तपासा.

आकार आणि यंत्रणा

जवळपास सगळी मोठ्या कॅलिबरची पिस्तुलं ब्राउनिंगच्या झुकत्या बॅरलच्या पद्धतीवर चालतात. गोळी सुटली की बॅरल आणि स्लाइड एकत्र थोड्या मागे जातात, मग बॅरलचं मागचं टोक खाली झुकतं, कुलूप सुटतं आणि स्लाइड एकटी मागे जाते. जाताना पुंगळी ओढून बाहेर फेकते, येताना मॅगझिनमधलं वरचं काडतूस पुढे ढकलते. यासाठी स्लाइडला वजन लागतं, अंतर लागतं आणि वेळ लागतो.

तीन इंची बॅरलची .४५ पिस्तुलं इथेच मार खातात. स्लाइड हलकी असते म्हणून स्प्रिंग कडक लावावी लागते. मागे जायचं अंतर कमी असतं, त्यामुळे पुढचं काडतूस वर उचलायला मॅगझिनला मिळणारा वेळ कमी. बॅरलला जास्त तिरकं व्हावं लागतं, त्यामुळे काडतुसाचा आत शिरण्याचा कोनही बदलतो. यातलं एकेक चालून जातं, पण तिन्ही एकत्र आल्यावर चुकीला जागा उरत नाही. चार इंच आणि त्याहून लांब बॅरलमध्ये हा त्रास झपाट्याने कमी होतो. लपवून नेण्याची गरज नसेल तर पाच इंचीच घ्या.

ट्रिगरची पद्धत हा सवयीचा भाग जास्त आहे. ग्लॉक आणि एम अँड पीसारख्या, हॅमर (टोला देणारी मागची हातोडी) नसलेल्या स्ट्रायकरच्या पिस्तुलात प्रत्येक वेळी खेच सारखीच, शिकायला सोपी. पी२२०सारख्या डबल-सिंगल पद्धतीत पहिली खेच लांब आणि जड, पुढच्या आखूड. त्या बदलाचा वेगळा सराव लागतो. १९११ सिंगल ॲक्शन आहे: हॅमर चढवून, अंगठ्याची सेफ्टी लावून ठेवायचं पिस्तूल. ज्याच्या अंगठ्याला सेफ्टी आपोआप खाली करण्याची सवय नाही त्याने ते घेऊ नये.

हाताचं माप मात्र गंभीरपणे घ्या. रिकामं पिस्तूल असं धरा की बॅरल आणि कोपरापर्यंतचा हात एका रेषेत येईल. आता तर्जनीच्या पहिल्या पेराचा मधला भाग ट्रिगरवर टेकतो का ते पाहा. तिथे पोचण्यासाठी पिस्तूल हातात फिरवावं लागत असेल तर मूठ तुमच्यासाठी जाड आहे. .४५चं काडतूस जाड असल्याने दोन ओळींच्या मॅगझिनची मूठही जाड होते. १३ राउंडचं ग्लॉक २१ आणि १५ राउंडचं एफएनएक्स-४५ लहान हातांना हमखास मोठं पडतं. एका ओळीचं १९११, ८ राउंडचं पी२२० किंवा १० राउंडचं एचके४५ अशा हातात नीट बसतं. मूठ बसली नाही की पकड ढिली होते, आणि ढिली पकड हे या पिस्तुलांच्या अडकण्याचं नेहमीचं कारण आहे. फ्रेम हातात घट्ट असेल तरच स्लाइड पूर्ण मागे जाते. मनगट मागे गेलं तर फ्रेमही स्लाइडसोबत जाते आणि तेवढी ताकद वाया जाते. हलक्या पॉलिमर फ्रेममध्ये हे जास्त जाणवतं. पोलादी १९११ रिकामं असताना सुमारे १.१ किलो भरतं, त्यामुळे ते थोडं जास्त सहन करतं.

१९११बद्दल वेगळं सांगायला हवं

या पिस्तुलाबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात आणि दोन्हींत तथ्य आहे. १९११मध्ये अमेरिकी लष्कराने ते स्वीकारण्याआधीच्या चाचणीत कोल्टच्या नमुन्यातून ६००० गोळ्या झाडल्या गेल्या आणि ते टिकलं. १९८५पर्यंत ते लष्कराचं अधिकृत पिस्तूल होतं. पण ती रचना पाच इंची बॅरल, सात राउंडचं मॅगझिन आणि २३० ग्रेनची गोल नाकाची गोळी धरून केलेली होती. पुढे लोकांनी बॅरल आखूड केलं, मॅगझिनमध्ये आठवा राउंड कोंबला, गोळीचं नाक सपाट केलं आणि अचूकतेसाठी सांधे घट्ट बसवले. बिघाडांच्या तक्रारी या बदलांतून आलेल्या आहेत.

१९११ घेताना दोन जागा जवळून पाहा. पहिली फीड रॅम्प, म्हणजे ज्यावरून काडतूस चेंबरमध्ये चढतं तो उतार. स्लाइड काढून बॅरल फ्रेममध्ये ठेवा, खाली आणि मागे दाबा. फ्रेमवरचा रॅम्प आणि बॅरलचा रॅम्प यांच्यामध्ये साधारण ०.८ मिमीची फट दिसली पाहिजे. बॅरलची कड फ्रेमच्या रॅम्पच्या पुढे आलेली असेल किंवा दोन्ही एकसंध घासून गुळगुळीत केलेले असतील, तर गोळीचं नाक त्या कडेला ठेचतं. आरशासारखा चमकवलेला रॅम्प पाहून हुरळू नका. चमक उपयोगी असते, पण चमकवण्याच्या नादात कोन बदललेला असेल तर ते नुकसान भरून निघत नाही.

दुसरी जागा एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे पुंगळी चेंबरमधून ओढून काढणारा आकडा. १९११मध्ये तो आतला, स्प्रिंग-पोलादाचा एक लांब तुकडा असतो. त्याला वेगळी स्प्रिंग नसते, स्वतःच्या वाकामुळेच तो ताण धरतो. तपासण्यासाठी फक्त स्लाइड हातात घ्या आणि निष्क्रिय डमी काडतुसाची कड खालून वर सरकवत एक्स्ट्रॅक्टरखाली आणा. काडतूस स्वतःहून टिकून राहिलं पाहिजे आणि स्लाइड हलक्या हाताने हलवल्यावर लगेच पडता कामा नये. अलगद पडलं तर ताण कमी, पुंगळ्या अडकतील. अंगठ्याने जोर लावल्याशिवाय वर जातच नसेल तर ताण जास्त, आणि पुढचं काडतूस आत जाताना तिरकं होऊन थांबेल. हाच एक्स्ट्रॅक्टर बिघडवायची सोपी वाट म्हणजे काडतूस हाताने थेट चेंबरमध्ये टाकून वरून स्लाइड सोडणं. त्याची रचना कड खालून सरकत येईल अशी आहे. समोरून आपटून तिच्यावर चढायला लावलं की त्याचा ताण जातो, कधी टोकाचा कपराही उडतो. काडतूस नेहमी मॅगझिनमधूनच भरायचं.

मॅगझिन: इथे पैसे वाचवू नका

पिस्तूल अडकलं की लोक पिस्तुलालाच दोष देतात. मी आधी मॅगझिन हातात घेतो. त्याचं काम सोपं वाटतं, पण वेळेचं गणित बारीक आहे. स्लाइड मागे जाऊन परत येईपर्यंत वरचं काडतूस योग्य उंचीला, योग्य कोनात आलं पाहिजे. ते तोंडाच्या पत्र्याच्या ओठांनी धरून ठेवायचं आणि नेमक्या क्षणी सोडायचं. ओठ थोडे जरी फाकले तर काडतूस लवकर सुटतं, आत दबले तर उशिरा.

किमान चार मॅगझिन घ्या. पिस्तूल बनवणाऱ्या कंपनीचीच घ्या. १९११साठी मेक-गार किंवा विल्सन कॉम्बॅटची चालतील, आणि संशय असेल तर सातचं मॅगझिन आठपेक्षा बरं. सातच्या नळीत आठ बसवायला स्प्रिंग आखूड आणि फॉलोअर (काडतुसं वर ढकलणारा तुकडा) चपटा करावा लागतो. शेवटचं काडतूस मग कमी जोराने, कधी डुलत वर येतं. प्रत्येक मॅगझिनच्या तळाला कायम शाईने आकडा टाका. अडकलं की आकडा लिहून ठेवा. तीन वेळा तोच आकडा आला तर ते मॅगझिन सरावापुरतंही ठेवू नका, बाजूला काढा.

भरलेलं ठेवल्याने स्प्रिंग ‘बसते’ ही भीती बरीचशी अनाठायी आहे. चांगली स्प्रिंग पुन्हापुन्हा दबून आणि सुटून थकते, नुसती दबून राहिल्याने फारशी नाही. मॅगझिनच्या आत तेल मात्र घालू नका. धूळ चिकटते आणि तेल झिरपत प्राइमरपर्यंत (काडतुसाच्या बुडाशी असलेल्या, टोल्याने पेटणाऱ्या टिकलीपर्यंत) जाऊ शकतं. पुसून कोरडं ठेवायचं.

पेटीतलं काडतूस

सुरुवातीला चांगल्या कंपनीची २३० ग्रेन, गोल नाकाची, पूर्ण आवरण असलेली काडतुसं वापरा. हाच पाया. यावर पिस्तूल चालत नसेल तर दोष पिस्तुलात किंवा मॅगझिनमध्ये आहे. यावर चालतं आणि पोकळ नाकाच्या रुंद तोंडाच्या गोळीवर अडकतं, तर त्या गोळीचा आकार तुमच्या रॅम्पला जुळत नाही. दुसरी बनावट घ्या. रॅम्प घासायला घेऊ नका.

बॅरल काढून ते तोंड खाली करून धरा आणि काडतूस चेंबरमध्ये सोडा. स्वतःच्या वजनाने ‘टप्प’ आवाज करत पूर्ण बसलं पाहिजे आणि बॅरल उलटं केल्यावर तसंच बाहेर पडलं पाहिजे. नवीन बनावटीचं काडतूस घेतलं की ही तपासणी दर वेळी करावी. वेळ लागतो मिनिटभर.

.४० आणि १० मिमीमध्ये आणखी एक धोका आहे. तेच काडतूस वारंवार चेंबरमध्ये घालून काढलं की रॅम्पवर आपटून गोळी पुंगळीत मागे सरकते. आतली जागा कमी होते आणि दाब झपाट्याने वाढतो. हातातलं काडतूस त्याच पेटीतल्या नव्या काडतुसाशेजारी उभं करा. नजरेला आखूड दिसलं किंवा कॅलिपरवर पाव मिलिमीटर फरक आला तर ते झाडायचं नाही. .४५मध्ये दाब कमी असल्याने गुंजाइश जास्त आहे, पण सवय तीच ठेवा.

घरी भरलेल्या, अनोळखी माणसाच्या काडतुसांवर पिस्तुलाची परीक्षा घेऊ नका. .४५च्या पुंगळीत दारू थोडी लागते आणि जागा पुष्कळ असते. दुप्पट दारू पडली तरी ती मावते, आणि अजिबात पडली नाही तरी काडतूस बाहेरून सारखंच दिसतं. दारू नसेल तर केवळ प्राइमरच्या जोरावर गोळी बॅरलमध्येच अडकून बसते. नेहमीच्या बारापेक्षा ‘फुस्स’ असा आवाज आला किंवा धक्का जाणवला नाही तर लगेच थांबा. पिस्तूल रिकामं करा, उघडा आणि बॅरलमधून उजेड आरपार दिसतो का पाहा. त्यावर पुढची गोळी झाडली तर बॅरल फुगतं किंवा फाटतं. ट्रिगर दाबल्यावर नुसती टिचकी वाजली तर तोंड लक्ष्याकडेच ठेवून ३० सेकंद थांबा, मगच स्लाइड ओढा.

खात्री कशी करायची

नवीन पिस्तूल थेट चालवू नका. कारखान्यातलं घट्ट संरक्षक तेल पुसून काढा, बॅरल स्वच्छ करा, मग स्लाइडच्या खाचांत, बॅरलच्या वरच्या बाजूला आणि लॉकिंग लगवर एकेक थेंब तेल द्या. पोलादावर पोलाद घासणाऱ्या १९११ला तेल थोडं जास्त लागतं, पॉलिमर फ्रेमच्या पिस्तुलाला कमी. फायरिंग पिनच्या नळीत तेल नको. तिथे ते मळाशी मिसळून घट्ट होतं आणि टोला हलका पडतो.

मग ५०० राउंड सरावाच्या गोळ्यांचे आणि जी गोळी कायम वापरायची ठरवली आहे तिचे सलग २०० राउंड. सलग म्हणजे मध्ये एकही अडथळा नको. १९८ला अडकलं तर कारण शोधायचं आणि पुन्हा शून्यापासून मोजायचं. हे खर्चिक आहे, मान्य. पण मोठ्या कॅलिबरच्या पिस्तुलावर भरवसा ठेवायचा आणि ५० राउंडमध्ये समाधान मानायचं, हे जुळत नाही. प्रत्येक मॅगझिन किमान पाच-सहा वेळा पूर्ण भरून रिकामं झालं पाहिजे. थोडे राउंड एका हाताने, आधी उजव्या मग डाव्या, झाडा. पकड कमजोर असतानाही यंत्रणा फिरते का ते इथेच कळतं. घट्ट बसवलेल्या महागड्या १९११ला पहिल्या ५०० राउंडपर्यंत अंग मोकळं करायला सवलत द्यायला हरकत नाही. ग्लॉक किंवा एचकेला तशी सवलत देऊ नका. ती पिस्तुलं पहिल्या राउंडपासून चालायला हवीत.

कानावर मफ आणि डोळ्यांवर चष्मा हे सांगायला लागू नये, तरी सांगतो. .४५चा आवाज १५५ डेसिबलच्या पुढे जातो. बंदिस्त रेंजमध्ये आत बोळे आणि वर मफ, दोन्ही वापरा. शिशाच्या धुरामुळे सराव संपल्यावर काही खाण्याआधी हात आणि चेहरा धुवायचा.

अडकलं तर काय पाहायचं

अडकलेली स्थिती लगेच मोडून टाकू नका. तोंड सुरक्षित दिशेला ठेवून, बोट ट्रिगरबाहेर ठेवून दोन सेकंद नीट बघा. कारण तिथेच लिहिलेलं असतं.

गोळीचं नाक खाली, रॅम्पच्या पायथ्याला टेकलेलं: मॅगझिनची स्प्रिंग थकली आहे, फॉलोअर डुलतो आहे किंवा मॅगझिन पूर्ण वर बसलेलं नाही. नाक चेंबरच्या छताला, पुंगळी रॅम्पच्या कडेवर आणि मागची कड स्लाइडला, असं तीन ठिकाणी अडकलेलं: १९११मध्ये एक्स्ट्रॅक्टर फार घट्ट आहे किंवा काडतुसाची एकूण लांबी कमी आहे. रिकामी पुंगळी धुराड्यासारखी उभी अडकलेली: पकड ढिली, लोड मऊ, किंवा इजेक्टर (पुंगळी बाहेर उडवणारा भाग) झिजलेला, आधी पकड बदलून पाहा. पुंगळी चेंबरमध्येच आणि मागून दुसरं काडतूस घुसलेलं: चेंबर घाण किंवा एक्स्ट्रॅक्टर सैल. हे सोडवायला स्लाइड मागे अडकवा, मॅगझिन खेचून काढा, स्लाइड दोन-तीनदा ओढा आणि मग नव्याने भरा.

स्लाइड शेवटी दोन मिलिमीटर उघडी राहते आणि अंगठ्याने ढकलल्यावर बसते, हा प्रकार .४५मध्ये वारंवार दिसतो. चेंबर साफ करा. तरीही झालं तर रिकॉइल स्प्रिंग, म्हणजे स्लाइड पुढे ढकलणारी स्प्रिंग, बदला.

मॅगझिनमध्ये काडतुसं असतानाच स्लाइड मागे अडकत असेल तर बहुतेकदा पुढच्या हाताचा अंगठा स्लाइड-स्टॉपला (स्लाइड मागे अडकवून ठेवणाऱ्या कळीला) खालून लागत असतो. अंगठा दूर ठेवूनही तसंच होत असेल तर .४५ची रुंद गोळी आतल्या बाजूने स्लाइड-स्टॉपच्या उंचवट्याला घासून तो वर उचलते आहे. स्टॉप काढून त्यावर गोळीचे तांबूस ओरखडे दिसतात का पाहा. दिसले तर काम गनस्मिथचं. उलट, शेवटच्या राउंडनंतर स्लाइड उघडी राहत नसेल तर मॅगझिनची स्प्रिंग किंवा वर ठेवलेला अंगठा.

पहिल्या टोल्याला पेटलं नाही, दुसऱ्याला पेटलं: प्राइमर नीट बसवलेला नव्हता. पहिल्या टोल्याची ताकद त्याला आत बसवण्यातच गेली. कारखान्याच्या काडतुसांवर हे पुन्हापुन्हा झालं तर कुणीतरी ट्रिगर हलका करण्यासाठी स्प्रिंग बदलली आहे का ते तपासा. मूळ स्प्रिंग परत लावा. भरवशाच्या पिस्तुलात दोनशे ग्रॅम हलक्या ट्रिगरसाठी टोला कमजोर करणं हा तोट्याचा सौदा आहे.

वापरलेलं पिस्तूल घेत असाल तर

मॅगझिन काढा, स्लाइड उघडून चेंबर डोळ्यांनी पाहा आणि करंगळीने चाचपा. खोलीत काडतूस नको. मग पुढच्या गोष्टी.

बॅरलमधून उजेडाकडे पाहा. आत गोल अंगठीसारखी काळी सावली दिसली तर तिथे ते फुगलं आहे. सौदा तिथेच संपवा. लॉकिंग लगच्या कडा ठेचून गोलसर झाल्या आहेत का, फ्रेमवर स्लाइड-स्टॉपच्या भोकाजवळ आणि खाचांच्या टोकांना केसासारखी भेग आहे का, भिंगातून बघा. १० मिमी आणि .४०मध्ये ही पाहणी जास्त बारकाईने करा.

ट्रिगर दाबून तसाच धरून ठेवा, स्लाइड ओढून सोडा. हॅमर चढलेलाच राहिला पाहिजे. ट्रिगर हळू सोडल्यावर ‘टिक’ असा रिसेट कळला पाहिजे. १९११मध्ये हॅमर चढवून सेफ्टी लावा, ट्रिगर जोराने दाबा, सोडा, आणि मग सेफ्टी काढा. काढताना हॅमर किंचितही हलला किंवा पडला तर सिअर (चढवलेला हॅमर धरून ठेवणारा भाग) आणि सेफ्टीचा मेळ बसलेला नाही. ते पिस्तूल भरू नका. मागची ग्रिप सेफ्टी न दाबता ट्रिगर दाबून पाहा, हॅमर पडता कामा नये.

ग्लॉकची रिकॉइल स्प्रिंग तपासायला रिकाम्या पिस्तुलाचा ट्रिगर मागे धरून ठेवा, तोंड वर करा, स्लाइड थोडी मागे ओढून अगदी सावकाश पुढे येऊ द्या. ती पूर्ण बंद झाली पाहिजे. अर्धवट थांबली तर स्प्रिंग गेली. ही स्वस्त वस्तू आहे, त्यामुळे स्प्रिंग थकलेली असणं हे नाकारण्याचं कारण नव्हे, किंमत कमी करून घेण्याचं कारण आहे. पाच इंची १९११ची मूळ स्प्रिंग १६ पौंडांची असते. ती दर २००० ते ३००० राउंडला बदलावी, पॉलिमर फ्रेमच्या पिस्तुलांची ३००० ते ५०००ला. कडक स्प्रिंग लावली की फ्रेम वाचते असं समजून १८ किंवा २० पौंडांची घालू नका. स्लाइड पुरेशी मागे जात नाही, आणि परत येताना इतक्या वेगाने येते की मॅगझिन मागे पडतं.

विकणाऱ्याने स्प्रिंग बदलल्या असतील, रॅम्प घासला असेल, ट्रिगर हलका केला असेल तर मूळ भाग मागून घ्या आणि परत बसवा. मूळ भाग नसतील आणि नवे मिळण्याची सोय नसेल तर ते पिस्तूल सोडून द्या. कंपनी जुनी आहे का, स्प्रिंग, एक्स्ट्रॅक्टर आणि मॅगझिन आजही मिळतात का, हे पिस्तूल हातात घेण्याआधी विचारायचे प्रश्न आहेत. सीझेड ९७ बीसारखी उत्तम बांधणीची पिस्तुलंही याच प्रश्नावर ग्लॉक २१च्या मागे पडतात, कारण ग्लॉकचे सुटे भाग जास्त ठिकाणी मिळतात.